कूस

वेगऱ्याच्या उतारावर मुठा
हाताला लागेल तो दगड घेऊन पळते.
खडकवासल्यात तिला थांबवून मोजतात.
अण्णा तिथे गेज वाचायचे;
वहीत फुटांचे आकडे, शाई कायम हिरवी.

म्हणायचे, सपाटीला आली की नदी जड होते,
गाळ खाली ठेवते,
झोपेत कूस बदलते.
तेवढी जागा सोडायची असते उशाशी.

आम्ही भराव टाकला,
पार्किंगला पांढरे पट्टे मारले.
निळी रेषा नकाशातच राहिली.

रात्री पस्तीस हजार क्युसेक सोडलं.
भोंगा वाजला तेव्हा पाणी मीटरच्या पेटीपाशी,
लिफ्टच्या खड्ड्यावर
कुणाची तरी चप्पल गोल फिरत होती.

आता भिंतीवर ओल उमटली आहे.
तिच्याशेजारी हिरव्या पेनाने लिहिलं:
सकाळी सहा.
चार फूट, दोन इंच.