राजाच्या नावे

गोम्रून बंदर, इंग्रजांची वखार

वलंदेजांचं गलबत आलं कार्तिकात.
तांडेलानं लवंगांच्या आधी बातमी उतरवली:
तुमचा राजा माघातच गेला.
गेला म्हणजे, कुऱ्हाडीनं.
त्याच्याच वाड्यासमोर, त्याच्याच रयतेसमोर.

मी विसा शेणवी, मूळ दाभोळचा, इथं कारकून.
बोरू कानावर ठेवून बोटं मोजली.
नऊ महिने.
नऊ महिने आम्ही एका मेलेल्या माणसाच्या नावे
बंदराची निम्मी जकात घेतली,
आणि रोज रात्री उभं राहून, त्याला आयुष्य चिंतून
शिराझची दारू प्यायलो.
प्यायले ते. लिहिली मी.
चैत्रात, तो तख्तावर बसला त्या तिथीला,
सात तोफा उडवल्या. दारू अठ्ठावीस शेर.
प्यायची आणि उडवायची, दोन्ही दारूच,
म्हणून एकाच रकान्यात मांडली होती.

थॉर्नलीसाहेबाला विचारलं, हा खर्च आता कुणाच्या नावे?
तो खिडकीकडं तोंड करून उभा.
समोर हिरमूज, भाजून तडकलेल्या विटेसारखं.
तिथले फिरंगी हुसकायला ह्यांच्याच वडीलधाऱ्यांनी
इराणच्या शहाला जहाजं दिली होती,
ख्रिस्त्यानं ख्रिस्त्यावर तोफ डागली होती.
तेव्हा कुणी विचारलं नाही, कुणाच्या नावे.

त्या रात्री जेवणाचं लांब मेज दोन झालं.
एका मेजावर प्रार्थनेचं जुनं पुस्तक.
दुसऱ्यावर ते, ज्यांना पुस्तक नको,
देव ज्यांच्याशी परस्पर बोलतो.
मीठ एकच होतं. ते मधल्या फटीत राहिलं.

शहाबंदर मिर्झा तकी समाचाराला आला,
दोन टोपल्या खजूर घेऊन.
बसला, उसासा टाकला, मग दाढी कुरवाळत म्हणाला:
फर्मान राजाला होतं. राजा नाही.
मग निम्मी जकात कुणाची?

थॉर्नली मला म्हणाला, सांग त्याला, आता कारभार
आणि एक शब्द उच्चारला, जो माझ्या मोडीत बसेना.
मी 'गोतसभा' लिहिलं.
फारसीत तेही बसेना. म्हणालो, पुष्कळ माणसं.
मिर्झा म्हणाला, त्यांतल्या कुणाला मुजरा करायचा?
आणि पुढं, अगदी हळू:
त्यांतल्या कुणाची मान कापता येते?
हे मी साहेबाला उलथून सांगितलं नाही.

मार्गशीर्षात जॉसलिन तापानं गेला.
सोळा वर्षांचा. माझ्या बाजूला बसून नकला करायचा,
मराठी साताचा आकडा उलटा काढायचा.
त्याला पुरायचं कसं, पुस्तक वाचून की न वाचता,
ह्यावर दोन्ही मेजं सकाळपासून भांडत राहिली.
दुपारची बांग झाली तरी तो पडवीत,
तोंडावर ओलं फडकं; ते दर घटकेला वाळायचं,
मी पुन्हा भिजवायचो.
अखेर उन्हानंच निकाल दिला.
घाईनं, गप्प, वाळूत.

मला त्याचं सुतक नाही.
तरी रात्री बंदराबाहेर वडाखाली गेलो,
वाण्यांच्या छोट्या देवळामागं बसलो.
त्यांचा मंत्र मला येत नव्हता,
आणि त्यांच्यापाशी तो एक उरला नव्हता.
पोराला मी शिकवलेली निमकी तेवढी आठवली.
एक निमे अर्धा, बे निमे एक,
तीन निमे दीड.
तो दीडपाशी अडायचा नेहमी, हसायचा.
मीही तिथंच थांबलो.

साल संपलं, खतावणी बांधायला काढली.
जमेची बाजू चोख आहे.
खजूर लिहिले: भेट, टोपल्या दोन.
फडकं लिहिलं नाही.
नावेकडं अठ्ठावीस शेर दारू, सात बार,
आणि पुढं बोटभर कोरी जागा.
थॉर्नली तिच्यावरून अंगठा फिरवतो,
काही बोलत नाही,
खाली सही करतो.