ओले

पहाटे पावणेपाचला फुग्यात हायड्रोजन भरताना
भदौरिया बोलत नाही.
नळी सुसवते, रबर फुगत जातं,
गाभण म्हशीचं पोट चाचपावं तसा तो ते चाचपतो,
मग दोरा, मग थर्मोकोलचा डबा,
मग हात सोडतो.
किल्ल्याच्या बाजूनं लहान होत होत
तो पूर्वेकडे जातो
आणि मी आत येऊन त्याचं ऐकत बसते.

जमिनीलगत दवबिंदू एकवीस. काल नऊ होता.
म्हणजे रात्रीतून पुरवा शिरला गावात,
बंगालच्या उपसागराचं पाणी थेट लष्करपर्यंत,
कुणाला न विचारता.
त्याच्यावर राजस्थानची भाजलेली हवा,
झाकणासारखी.
झाकण राहिलं तर नुसता घाम.
सरकलं, तर चार वाजेपर्यंत पत्रे उडतील.
कागदावर दोन रेघा, मधली जागा म्हणजे आभाळाची ताकद.
बावीस वर्षं झाली, मी त्या जागेत बघते आहे
आणि अजून काठावरच पास होते.

सातला सिकरवारचा फोन, कंपूतला मंडपवाला.
"बाई, आंधी येणार की नाही, एक काय ते सांगा."
गेल्या गुरुवारी मी येणार म्हटलं होतं.
त्यानं ऐंशी बांबू उतरवले,
आणि संध्याकाळी पान हललं नाही.
वऱ्हाड उघड्यावर, चांदण्यात जेवलं.
"त्या चांदण्याचे पैसे कापले माझे."
मी म्हणते, शंभरात साठ.
तो म्हणतो, साठ टक्के मंडप कसा सोडतात, ते पण सांगा.

नकाशा रंगवला.
ग्वाल्हेर नारिंगी, मुरैना नारिंगी, दतिया पिवळा.
भिंडवर बोट थांबलं.
पुरवा तिथूनच आला होता, हे मला दिसत होतं.
चांदणंही दिसत होतं.
भिंड हिरवा ठेवला.

अडीचला पूर्वेला फ्लॉवरचा एक गड्डा उगवला.
तीनला त्याचा माथा सपाट, लोहाराच्या ऐरणीसारखा.
उपग्रहाचं चित्र अर्ध्या तासानं शिळं.
मी उभी होते खिडकीत, आणि फोन वाजला.

एका मुलाचा आवाज. डब्यावरचा नंबर वाचून लावलेला.
"मॅडम, सकाळी शेतात पडला. बॉम्ब तर नाही ना?"
नाही रे. कुठून बोलतोस?
"गोहदच्या पुढून." आणि मागे पत्र्यावर
कुणी खडी ओतावी तसा आवाज.
ते काय?
"ओले."

आमच्या घरात ओले म्हणजे भिजलेले.
टॉवेल ओला, केस ओले, पाय ओले घेऊन आत येऊ नकोस.
त्याचे ओले म्हणजे माझ्या गारा.
आणि मी गारा म्हटलं तर
त्याला गवंड्याचा चिखल दिसेल.
दोन भाषांच्या मध्ये उभी राहून मी विचारलं, केवढे?
"कंच्यांएवढे. थांबा, बघून येतो."
नको! बाहेर जाऊ नकोस, कडुलिंबाखाली तर मुळीच नको,
आत जा, पत्र्याला टेकू नकोस, म्हैस कुठे आहे?
"म्हैस आत आहे," तो म्हणाला, मला धीर देत.
"आता लिंबाएवढे."

तीन एकतीसला भिंड लाल केला.
फोन आला होता तीन पंचवीसला.
सहा मिनिटं. आणि त्याआधीची अख्खी सकाळ.

शहरात काही झालं नाही. धूळ उडाली,
चार थेंब पडले, तेही मोजता येतील असे.
सिकरवारनं मंडप सोडला नव्हता.
रात्री त्याचा निरोप: तुमच्या साठातले चाळीस आले, शुक्रिया.

नोंदवहीत मी लिहिलं:
गोहदच्या पूर्वेस, गारपीट, आकार लिंबाएवढा.
निरीक्षकाच्या रकान्यात सहसा आम्ही आमचंच लिहितो.
मी लिहिलं, लवकुश नरवरिया, इयत्ता आठवी.

फोन ठेवताना त्यानं विचारलं होतं,
डबा परत द्यायचा का?
सरकारी मालमत्ता आहे ती.
ठेव म्हटलं.
उद्या पावणेपाचला भदौरिया दुसरा सोडेल.
वरचा वारा असाच राहिला
तर तोही तुझ्याच बाजूला येईल.