शून्याची घरं

तीस वर्षं बोर्डच रंगवले मी.
निपाणीपासून चिकोडीपर्यंत
कुठल्याही दुकानाच्या कपाळाकडं बघा,
कोपऱ्यात बारीक अक्षरांत: परशा पेंटर.
कुठली भाषा वर, कुठली खाली, किती इंच,
माप दर काही वर्षांनी बदलतं.
शिडी तीच.

पण रस्त्यावर ओणवं होऊन
कधी काढलं नव्हतं काही.

आमच्याकडं एकाच रस्त्याच्या
इकडं मराठी शाळा, तिकडं कन्नड.
पाण्याचा नळ तिकडं,
चिंचा-बोरं विकणारी गंगव्वा इकडं.
म्हणजे मधल्या सुट्टीत
दोन्ही शाळा पळतच रस्ता ओलांडणार,
आणि कारखाना पेटला की
दोन-दोन ट्रेलर ओढत, टेप फोडत
उसाचे ट्रॅक्टर.

पांढरे पट्टे होते. बघितले कुणी?
गतिरोधक होता, तो उसाखाली चेपून गेला.
मागल्या हंगामात गौरा कुरणेचा पाय.

शैलजा अक्कोरू म्हणाल्या,
पेंटर, पट्टे नकोत. खेळ काढा.

तिकडच्या पोरी म्हणाल्या कुंटेबिल्ले,
इकडच्या म्हणाल्या जिबली.
खापरी तीच.
सुतळी ताणून आठ घरं आखली मी,
हळदीसारखी पिवळी, जांभळी, पोपटी,
आणि हात थांबला.
आकडे कुठले घालू?
हे घातले तर ते येणार, ते घातले तर हे,
पोलीस दोघांच्या आधी.

बिडी संपेपर्यंत बसलो.
मग आठवलं,
शून्य दोन्हीकडं गोलच.

आठ घरं, आठ शून्यं.
पोरं हसली, पेंटरला मोजता येत नाही.
दुसऱ्या दिवशी खडूनं त्यांनीच भरली:
एकात डोळे, एकात भाकरी,
एकात चिंचोके, मोजून पाच.

पहिली गेली गौरा.
जिबलीत सगळ्यांनाच
एका पायावर जावं लागतं.

आणि रायबागचा तो ट्रॅक्टरवाला,
ज्यानं पट्ट्यांवर कधी ब्रेक दाबला नाही,
वीस हात अलीकडं थांबला,
खाली उतरून विचारतो,
रांगोळी कुणाची ओ? लगीन हाय काय?
चाक कसं न्यायचं यावरनं?

न्यावं लागलंच. पण हळू,
ओल्या सारवणावरनं म्हातारी जाते तसं.

रंग महिन्यात उडतो.
बिल पंचायतीत पडून आहे,
कुठल्या खात्यात घालायचं कळत नाही म्हणतात.
डब्याच्या तळाशी उरतो तेवढा घेऊन
मी पहाटे पाचला जातो.

काल शेवटच्या घरात
कुणाची तरी खापरी राहिली होती.
आजूबाजूला बघितलं. कुणी नव्हतं.
लुंगी वर खोचली.

सहाव्या घरात होतो,
अठ्ठावन्न वर्षांचा, एका पायावर,
मागून ट्रॅक्टर आला,
टेप बंद केला त्यानं
आणि दिवा बारीक.