मार्जिन सोडून

निनाद बोटीवर गेला, टॅब इथेच राहिला.
कोपरखैरणे, सेक्टर सहा, सिडकोची खोली,
खिडकीलगत माझं मशीन,
आणि मशीनच्या फळीवर, बॉबिनच्या डबीला टेकून
त्याची फुटबॉलची टीम:
तिसरी डिव्हिजन, नंबर सोळावा, अकरा सामने बाकी.

"बंद करून टाक गं," म्हणाला होता निघताना.
बंद कसं करतात ते सापडलं नाही.
पुढे कसं जातात ते सापडलं.
उजवीकडे वर एक हिरवं बटण आहे.

खेळाडूंचे आकडे मला पहिल्याच दिवशी वाचता आले.
वेग आठ, धीर सोळा, उडी अकरा.
छाती चौतीस, कंबर अठ्ठावीस, मुंढा साडेसोळा.
सत्तावीस वर्षं मी आकड्यांवरूनच माणसं ओळखतेय.
सतरा वर्षांचं पोर घ्यावं ते मार्जिन सोडून,
पुढे अंगात भरेल.
बत्तिशीच्या बचावपटूला मात्र
किती वेळा अल्टर करणार?
कापडच विरलंय.

टॅबचं एक बरं असतं, मांडीवर मावतो.
लाईट गेली तरी दुसरा हाफ पुरा होतो.
मशीन थांबलं की सामना, सामना थांबला की मशीन;
फॉल-पिको करत करत मी आम्हाला चौदावं केलं.
आणि दारात कुणी आलं
तर पालथा घालून वर अस्तर टाकता येतं.

वाईटही आहे, ते कशाला झाकू?
अक्षरं मुंगीएवढी.
ज्या नावावर बोट ठेवायचं, ते नाव बोटाखालीच दडतं.
घरतबाईंच्या ब्लाउजला
दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या लागल्या,
ब्याऐंशीव्या मिनिटाला.
त्यांनी परत कापड दिलं नाही.
सुई बोटात गेली, त्याच क्षणी आमचा गोल झाला;
मी कशासाठी ओरडले
ते शेजारच्या पमाताईंना अजून कळलेलं नाही.

आणि तोरबेन. गोलकीपर.
निनादने सात सीझन जपलेला.
प्रिलिमच्या आदल्या रात्री दोन वाजता
ज्याच्यावरून मी निनादला बोल बोल बोलले, तो.
मला फक्त त्याचा पगार बघायचा होता.
बोटाला टेलरचा खडू. बोट घसरलं.
एक चौकट उघडली, नक्की का, असं काहीतरी विचारत.
नक्की, म्हटलं, गिऱ्हाइकाला म्हणते तसं.
विकला गेला.
शिवलेलं उसवता येतं. हे नाही.

संध्याकाळी गॅलरीतून खालचं मैदान दिसतं.
अर्ध्यात मंडपाचे बांबू पडलेत, उरलेल्या अर्ध्यात पोरं.
दहा वर्षं मला तिथे
फक्त धूळ दिसायची आणि फुटलेल्या काचा.
काल मीच ओरडले,
"ए पिवळ्या, मागे ये, तुझी बाजू उघडी पडलीय!"
पिवळा वर बघत राहिला.
गोल त्याच बाजूने झाला.
चौघं त्याच्यावर धावून गेले, बोलले काहीबाही.
तो गुडघ्याची माती झटकून उठला.
त्याचा धीर किती,
कुठेच लिहिलेलं नव्हतं.

निनादचा फोन आला, कुठल्याशा बंदरातून, तुटत तुटत.
जेवतोस ना. हो. थंडी आहे का. आहे.
मग म्हणाला, "आई, टॅबमधला तो गेम उडव.
जागा होईल, तुझे डिझाईनचे व्हिडिओ ठेव.
टीम तशीही खालीच गेली असणार."
असेल बाबा, म्हटलं,
मला काय कळतंय त्यातलं.

बाराव्या नंबरावर आहोत आम्ही.

तोरबेनसाठी ते लोक तिप्पट मागतात.
रात्री पुन्हा बोली लावली:
होतं नव्हतं ते सगळं, दोन वाढत्या अंगाची पोरं,
आणि वर तो विरलेला बचावपटू, इस्त्री करून.
उत्तर उद्या, असं लिहून आलं.
त्यांचा उद्या म्हणजे
हिरव्या बटणावर एकदा बोट.

बॅटरी नऊ टक्के.
मी मोरीत जाऊन हात धुऊन आले,
नखातला खडू काढला,
पदराला बोटं पुसली.
अजून दाबलेलं नाही.