एका ग्राहकाला दोनच

कुडचड्याबाहेर, जिथे खाणीचे ट्रक रांगेत उभे राहत,
तिथे आता गार हवेचं दुकान.
साखर माझ्या घाऊक भावाहून
दोन रुपयांनी स्वस्त.

म्हणून मीच गेलो. मी, लोटलीकर पसरकार,
मंगळवारी दुपारी, बाजार झोपलेला असताना,
शर्ट बदलून.

ढकलगाडीचं एक चाक सारखं डावीकडे ओढत होतं,
आमच्या बाजाराच्या दिशेने, असं आपलं मला वाटलं.

काउंटरवर मिंगेलची रोझिता.
हिच्या बापाचं पान अजून वहीत आहे,
खाण बंद पडली त्या वर्षीचं
उकडे तांदूळ, साबण, खोबरेल,
हिची एक पेन्सिल.

तिने सहा पाकिटं पाहिली, मग पाटी पाहिली.
फोन नंबर विचारला नाही.
तीन बिलं फाडली, तीन गिऱ्हाइकांची असावीत तशी,
आणि मान वर न करता म्हणाली,
पिशवी हाडल्या मरे, अंकल?

आणली होती.
तिच्यावर माझ्याच दुकानाचं नाव.
उलटी करून भरली.

संध्याकाळी फळ्या काढल्या.
पाव किलो साखर, लिहून ठेव, कोणीतरी म्हणालं.
लिहिलं.
भाव जुनाच लावला.