कुत्र्याची जात

रविवारी रात्री आठ चिठ्ठ्या लिहिल्या,
तांबळडेगच्या शाळेतल्या चौदा पोरांसाठी.
खेळ साधा: चिठ्ठी शोधा, खूण वाचा, कुत्रा ओळखा.
उत्तर एकच, कारवानी.
माझ्या माहेरचा, माणदेशातला.
मुठीत मावेल अशी कंबर,
धावताना चारही पाय एका क्षणी जमीन सोडणारे.
वडिलांच्या सायकलीच्या कायम पुढे,
आणि वळणावर थांबून आमची वाट बघणारा.

हे शेवटचं चिठ्ठीत लिहिलं नाही.

सकाळी लपवत फिरले.
एक घंटेच्या पट्टीमागे, एक सुरूच्या ढोलीत,
एक दाजी कोयंड्यांच्या वर ओढलेल्या होडीत.
सातवी, दुधाच्या पिशवीत गुंडाळून, रापणीच्या जाळ्याखाली.
ते जाळं दहा वाजता समुद्रात गेलं,
चिठ्ठीसकट.

पोरं सुटली.
‘तोंड लांब, अंगात चरबी नाही, वारा कापत जातो.’
गौरांग ओरडला, ‘टोळ मासो!’
‘वासानं नाही, नजरेनं शिकार करतो.’
तस्लीमानं आभाळाकडे बोट केलं,
‘काकण. थय सुरूवर बसता.’
‘परक्याला अंगाला हात लावू देत नाही.’
रॉयला जरा थांबली.
‘आमची मावशी,’ म्हणाली.

चूक म्हणावं तर कशाला?
खूण प्रत्येकाला लागू पडत होती.

होडीत तारली झोपली होती.
अर्धा कान गेलेली, शेपटीला डांबर,
आणि चिठ्ठी बरोबर पोटाखाली.
कुणी ओढली नाही.
चौदाही जण वाळूत बसून राहिले
तिची झोप पुरी होईपर्यंत.
भरती नाळेला टेकली तेव्हा उठली,
आळस दिला,
चिठ्ठी हुंगली आणि खाऊन टाकली.

मग वर्गात कागद वाटले.
वरच्या कोपऱ्यात मीच पट्टीनं आखलेलं:
कुत्र्याची जात, पुढे रिकामी रेघ.

तस्लीमानं लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, खोडलं.
‘बाई, जात लिवकच व्हयी?
दाखल्यार असता तशी?’

मी खडू शोधू लागले.
हातातच होता.

रॉयलाचा कागद सगळ्यांत शेवटी आला.
रेघेवर न मावलेलं अक्षर समासात उतरलेलं:
‘तारली. होडीत निजता.
उठवू नये.’

दहापैकी दहा दिले. गौरांगच्या टोळालाही सात.

मंगळवारी रापण ओढली.
बांगडे थोडे, खेकडे फार,
आणि दुधाची एक पिशवी.
दाजी दुपारी शाळेच्या पायरीशी आले,
कागद उन्हात वाळवून, चार घड्या नीट मोडून.
शाई सगळी उतरलेली.
‘बाई,’ म्हणाले,
‘ह्या तुमचा उत्तर काय?’

मागे तारली उभी होती,
जिभेवर अजून थोडी निळी.