पोटीस

मिस्टर थर्टल यांच्या छातीवर एक चौकोन आहे,
पोस्टकार्डाएवढा, बाकी कातडीहून किंचित गुळगुळीत.
पहिल्याच भेटीत मी फायलीत लिहिलं होतं:
जुना व्रण, भरलेला, तक्रार नाही.

तक्रार नव्हतीच. मागणी होती.
"गोळ्या राहू देत, सिस्टर. मोहरी लावा."
वय शहाऐंशी, डावं फुप्फुस पाण्यानं जड,
आणि खिडकीत नॉरिचचा नोव्हेंबर,
चारलाच दिवे लावायला लावणारा.

आमच्यात हे बसत नाही, मी म्हटलं.
नियमांत, असं म्हणायचं होतं मला.

मग एका गुरुवारी, सलग दुसरी पाळी ओढत आले
आणि त्यांच्या ओट्यावरचा पिवळा डबा उघडलाच.
एक चमचा पूड, चार चमचे मैदा.
खाटेवरून हुकूम आला: पाणी कोमट!
कढत ओतलंत तर तिचा जीव जाईल.
मला काय सांगता! मिरजेला काकडीच्या कोशिंबिरीत घालायची
मोहरी आम्ही गार पाण्यातच फेसायचो,
नाकात झिणझिणी गेली की समजायचं, झाली.

झिणझिणी गेली. दोन्ही गावांची, एकदमच.

त्यांना लावणार नव्हते मी.
कातडी आता कांद्याच्या पापुद्र्यासारखी, निघूनच यायची.
फ्लॅनेलच्या घडीत लगदा भरून
स्वतःच्या हातावर ठेवला, कोपराच्या खाली,
तुमच्या वतीनं, म्हटलं, आणि खुर्ची ओढून बसले.

त्यांनी डोळे मिटून वास घेतला.
सत्तेचाळीसचा बर्फ. आठ वर्षांचा पोरगा, खोकला थांबेना.
आई रात्रभर कारखान्यात
डब्यांवर झाकणं बसवून आलेली,
असल्याच पिवळ्या डब्यांवर.
पंधरा मिनिटं, तिला पाठ होतं.
पोटीस लावलं, जरा टेकली,
आणि डोळा लागला तिचा.

"मग तुम्ही हाक नाही मारलीत?"
"फार दमली होती हो."

प्राणवायूचं यंत्र एकसुरात घुमत राहिलं.
माझी मान कधी कलली, आठवत नाही.
आठवतं ते एक बोट, कोरडं, गार, दंडाला टोचणारं,
आणि श्वास पुरवून पुरवून काढलेला आवाज:
"सिस्टर. तेरा मिनिटं. काढा आता."

मनगटावरचं घड्याळ त्यांनी
पार डोळ्यांपाशी धरलं होतं.
हात लटपटत होता.
किती वेळ धरला असेल तसा.

माझ्या हातावर एक गुलाबी चौकोन उमटला,
सकाळपर्यंत गेलाही.

फायलीत त्या दिवशी मोहरीचा उल्लेख नाही.
नाडी, ताप, लघवी, प्राणवायू.
खाली एक रकाना असतो,
एरवी मी तिथे नुसती खूण करते,
त्या दिवशी अक्षरात लिहिलं:
वेळेचं भान, उत्तम.